आवाज आमचा, मग माईक दुसऱ्याच्या हाती का?

पुणे-सोलापूर महामार्गावरून जाणाऱ्याला मोडनिंब हे माढा तालुक्यातले एक बाजाराचे गाव म्हणून दिसते. कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे एक स्टेशन, एवढीच त्याची नोंद प्रवासी ठेवतो. लावणीच्या जगात मात्र हे नाव संगीतबारीच्या कलाकेंद्रांमुळे महाराष्ट्रभर ठाऊक आहे. आणि कलाकेंद्राबाहेर, सोलापूर जिल्ह्याच्या वस्त्यावस्त्यांत भीमगीते गाणारे गळे आहेत, गायन पार्ट्या आहेत, हलगी-ढोलकी वाजविणारे हात आहेत. म्हणजे आवाजाची येथे वाण नाही. वाण आहे ती वेगळ्याच गोष्टीची. हा आवाज टिपून ठेवण्याची साधने आणि ती वापरण्याचे ज्ञान आपल्या हाती नाही. आमच्या मते आजच्या घडीला गाणाऱ्या समाजापुढचा हा एक मोठा प्रश्न आहे. म्हणूनच आज आम्ही एका वरवर किरकोळ वाटणाऱ्या विषयावर लिहीत आहोत. घरच्या घरी गाणे रेकॉर्ड कसे करावे आणि त्यासाठी माईक कोणता घ्यावा, हा तो विषय.

काही वाचक म्हणतील, समाजापुढे शिक्षणाचे, नोकरीचे, जमिनीचे प्रश्न उभे असताना हे माईकचे काय घेऊन बसलात? त्यांना आमचे उत्तर इतिहासातूनच आहे.

हरवलेले आवाज

१९३० च्या आसपास आंबेडकरी जलसे गावोगाव फिरू लागले. भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांनी जलशातून चळवळ अशा घरापर्यंत नेली, जेथे एक अक्षरही वाचता येत नव्हते. त्या जलशांतील काही शब्द आज छापील रूपात सापडतात. पण चाल कशी होती, कोणत्या शब्दावर आवाज चढत होता, कोठे ढोलकी थांबत होती, हे कागद सांगत नाही. वामनदादा कर्डकांचेच पाहा. १९२२ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्मलेला हा महाकवी १५ मे २००४ रोजी गेला. हजारो गीते त्यांनी रचली, गावोगाव फिरून गायिली. त्या मानाने त्यांच्या स्वतःच्या आवाजातील मुद्रणे किती थोडी! विठाबाई नारायणगावकर मोडनिंबजवळच्याच पंढरपुरात १९३५ मध्ये जन्मल्या. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेली ही तमाशासम्राज्ञी १५ जानेवारी २००२ रोजी विपन्नावस्थेत गेली. तंबूतल्या हजारो माणसांनी जे ऐकले, त्यातले फार थोडे आज आपल्याला ऐकता येते.

याचे कारण तंत्र नव्हते, असे नाही. भारतात ध्वनिमुद्रण १९०२ मध्येच आले. त्या वर्षी नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्याच्या एका हॉटेलात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. प्रतिष्ठित घराण्यांतली माणसे त्या भोंग्यापुढे उभी राहायला कचरत होती, तेव्हा कोठ्यावर गाणाऱ्या स्त्रिया पुढे आल्या, हे मुद्दाम लक्षात घेण्याजोगे आहे. तंत्र आले; पण यंत्र कंपनीचे, तबकडी कंपनीची आणि कोणाचे गाणे टिपायचे हा निर्णयही कंपनीचाच. पुढे १९८० नंतर स्वस्त कॅसेट आली आणि भीमगीतांना उधाण आले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद आणि मिलिंद शिंदे यांचे आवाज घराघरांत गेले. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर कॅसेटची दुकाने लागू लागली. हे मोठेच काम झाले. पण नाव नसलेल्या कित्येक गायकांना एकरकमी मानधन मिळाले, कोऱ्या समजुतीवर सह्या झाल्या आणि गाणे कायमचे दुसऱ्याचे झाले. आवाज आपला, घाम आपला आणि मालकी परक्याची, ही गावगाड्याची जुनीच रीत नव्या रूपात आली.

आज चित्र बदलले आहे. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांचा एकतारीवरचा आवाज मोबाईलवर टिपलेल्या चित्रफितींतून घरोघरी पोहोचला. स्टुडिओ नाही, कंपनी नाही. ही वाट आता सर्वांना खुली आहे. मात्र वाट खुली असणे आणि वाट चालता येणे यात फरक आहे. म्हणून आता थोडे कामाचे बोलू.

माईक कोणता घ्यावा?

पहिला गैरसमज असा की, महाग माईक घेतला म्हणजे गाणे चांगले रेकॉर्ड होते. मुळीच नाही. माईक हा कान आहे. तो जेथे ठेवाल तेथले सगळे ऐकतो. म्हणून माईक आपल्या गळ्याला जसा पाहिजे तसा आपल्या खोलीलाही पाहिजे.

गाण्यासाठी मुख्यतः दोन प्रकारचे माईक मिळतात. एक डायनॅमिक. यात एका पातळ पडद्याला तारेचे वेटोळे जोडलेले असते आणि ते लोहचुंबकात हलते. आवाजाने पडदा हलला की तारेत वीज उमटते. याला बाहेरून वीज द्यावी लागत नाही. तो दणकट असतो, हातातून पडला तरी सहसा चालतो आणि मुख्य म्हणजे जवळचे जास्त व लांबचे कमी ऐकतो. जयंतीच्या मंडपात आपण जो जाळीदार गोल तोंडाचा माईक पाहतो, तो बहुधा याच जातीचा. शुअर कंपनीचा १९६६ मध्ये आलेला एसएम ५८ हा माईक आजही जगभर मंचावर वापरला जातो, त्यामागे हाच दणकटपणा आहे.

दुसरा कंडेन्सर. यात एक अतिशय पातळ पडदा आणि त्यामागे एक पत्रा असतो. त्यांच्यातले अंतर बदलले की विजेचा इशारा बदलतो. स्टुडिओतल्या मोठ्या कंडेन्सरला चालण्यासाठी सहसा ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, त्याला फँटम पॉवर म्हणतात. तो फार बारीक ऐकतो. गायिकेचा श्वास, मुरकीतली कंपने, शब्दाच्या शेवटी विरणारा सूर हे सारे तो टिपतो. पण तोच शेजारच्या घरातली शिट्टी, गल्लीतली मोटारसायकल आणि छताच्या पत्र्याचा नादही तितक्याच निष्ठेने टिपतो.

मग मोडनिंबसारख्या गावातल्या माणसाने काय घ्यावे? आमचे स्पष्ट मत आहे की, पत्र्याच्या छताखाली, रस्त्याला लागून घर असेल तर पहिला माईक डायनॅमिकच घ्यावा. घर आत, शांत, स्लॅबचे असेल आणि खोली नीट करता येत असेल, तरच कंडेन्सरचा विचार करावा. बाजारात स्टँड, फोम आणि तारांसकट पेटीत मिळणारे, 'स्टुडिओ' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले स्वस्त कंडेन्सर असतात. त्यांना पुरेशी वीज न देता सरळ संगणकाच्या भोकात खुपसले तर सूं-सूं आवाजाखेरीज हाती फारसे लागत नाही. फोटोला भुलू नका.

माईकबरोबर संगणकाला जोडणारी एक पेटी लागते. दुकानात तिला साउंड कार्ड म्हणतात. तिच्यात तीन पिनांची केबल लागावी आणि ४८ व्होल्टचे बटण असावे, एवढे पाहिले तरी पुरे. थेट यूएसबीने जोडणारेही माईक मिळतात. एकट्याने गाणाऱ्याला ते सोयीचे आहेत. पण उद्या ढोलकीला दुसरा माईक लावायचा म्हटले की अडचण येते. गायन पार्टीने सुरुवातीलाच साउंड कार्ड घ्यावे. आणि नवा माईक घेण्याआधी पार्टीकडे असलेला मंडपातला माईक तपासावा. केबल काढल्यावर माईकच्या बुडाशी तीन पिना दिसल्या, तर दोन्ही टोकांना तीन पिनांची जोडणी असलेली केबल आणून तोच साउंड कार्डाला लावून पाहावा. पुष्कळांचे काम तेवढ्यावर भागेल.

कानाला बंद बसणारा हेडफोन मात्र हवाच. स्पीकरवर साथ वाजवून गायिले तर ती साथ पुन्हा माईकमध्ये शिरते. हेडफोन घातल्यावर आपलाच सूर आपल्याला परका वाटतो, अशी तक्रार नवखे गायक करतात. त्यांनी एक कान उघडा ठेवावा. आपले शाहीर पहाडी आवाज लावताना कानावर हात ठेवतात, तो याचसाठी.

गोधडी हाच स्टुडिओ

माईकपेक्षा मोठा प्रश्न खोलीचा आहे. मोकळ्या भिंती, फरशी आणि वर पत्रा अशा खोलीच्या मध्ये उभे राहून एक टाळी वाजवा. मागे जो झणकारा उरतो, तोच तुमच्या गाण्याभोवती चिकटणार आहे. एकदा चिकटला की कोणतेही यंत्र तो पुरता धुऊन काढू शकत नाही. यावर उपाय आपल्या घरात आहे. आईच्या, आजीच्या हातच्या जाड गोधड्या दोरीवर टांगा. गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना त्या असू द्या. कारण माईकचे तोंड गाणाऱ्याकडे असते, म्हणून त्याच्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज तो आधी पकडतो. खाली सतरंजी टाका. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा सल्ला अनेक जण देतात. त्याने फारसे काही साधत नाही. खोलीच्या अगदी कोपऱ्यात किंवा अगदी मधोमध उभे राहू नका, तेथे आवाजाचा खर्ज घुमतो किंवा विरतो.

गोधडीने घुमारा जातो, बाहेरचा गोंगाट जात नाही, हाही फरक समजून घ्यावा. महामार्गावरचे ट्रक, हंगामात उसाचे ट्रॅक्टर आणि त्यावर मोठ्याने लावलेली गाणी यांना गोधडी अडवू शकत नाही. तेथे वेळ निवडणे हाच उपाय. रात्री गाव निजल्यावर किंवा भल्या पहाटे बसावे. पंखा बंद करावा, फ्रीज असेल तर तोही. आणि नंतर आठवणीने सुरू करावा. मोबाईल विमानाच्या खुणेवर ठेवावा, नाहीतर त्याची टिक-टिक तारेत शिरते. गावातल्या अनेक घरांत अर्थिंग धड नसते, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये सतत घूं असा नाद येतो. लॅपटॉपची चार्जिंगची पिन काढून बॅटरीवर काम केले तर पुष्कळदा तो जातो.

गायनाला उपयोगी बहुतेक माईक पुढून ऐकतात आणि मागून जवळजवळ बहिरे असतात. या गुणाचा फायदा घ्यावा. माईकची पाठ दाराकडे, रस्त्याकडे करावी. मोठ्या तोंडाच्या कंडेन्सरमध्ये बहुधा गाणे वरून नव्हे, बाजूने म्हणायचे असते. ज्या बाजूला कंपनीची खूण असते ती पुढची बाजू.

वीतभर अंतर

मंडपात माईक ओठाला लावून गाण्याची सवय आपल्या गायकांना आहे. तेथे ते बरोबरच आहे, नाहीतर भोंगा शिट्टी मारतो. घरात मात्र तसे केले की आवाज जाड, घशात अडकल्यासारखा येतो. माईक आणि तोंड यांत वीतभर, म्हणजे पंधरा ते वीस सेंटिमीटर अंतर ठेवा. उघड्या जागी अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. म्हणून चढा सूर लावताना अर्धे पाऊल मागे सरकले तरी पुष्कळ फरक पडतो. जिल्ह्याच्या मैदानाला ऐकू जाईल असा गळा ज्यांनी कमावला आहे, त्यांनी तो दाबू नये. अंतराने सांभाळावा.

आणखी एक गंमत. भीम, बुद्ध, फुले, बाबा, पंचशील. आपल्या गीतांतले हे आवडते शब्द प, फ, ब, भ या ओठांच्या अक्षरांनी सुरू होतात. ही अक्षरे उच्चारताना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि माईकच्या पडद्यावर धडकतो. रेकॉर्डिंगमध्ये 'धप्' असा आवाज येतो आणि नेमके भीमाचे नावच बिघडते. यासाठी माईकपुढे जाळी लावतात. ती विकत मिळतेच, पण भरतकामाच्या रिंगमध्ये पातळ जाळीचे कापड ताणून बसवले तरी काम होते. माईक तोंडासमोर सरळ न धरता किंचित बाजूला, गालाच्या रेषेत ठेवला तरी झोत टळतो.

आता ढोलकीचा प्रश्न. ढोलकी शेजारी बसली की गाणे बुडते. भीमगीताची चाल ठरलेल्या लयीत असेल तर आधी पेटी आणि ढोलकी रेकॉर्ड करून, ती हेडफोनमध्ये ऐकत नंतर गावे. गायिलेला आवाज कानात उशिरा येत असेल तर तो संगणकातून न ऐकता साउंड कार्डातूनच थेट ऐकण्याचे बटण दाबावे. पण बैठकीच्या लावणीला ही पद्धत लावू नये. तेथे गायिका शब्दाला थांबवते, खेळवते, आणि ढोलकीवाला तिच्या डोळ्यांकडे पाहून लय ओढतो. ती दोघे एकाच वेळी, एकमेकांसमोर बसली पाहिजेत. ढोलकी माईकच्या पाठीच्या बाजूला सहा-सात फुटांवर ठेवावी. थोडी ढोलकी गाण्यात येईल, येऊ द्यावी. निर्जीव स्वच्छतेपेक्षा जिवंत जुगलबंदी केव्हाही बरी.

आवाजाची पातळी ठरवताना गाण्यातली सर्वात चढी ओळ आधी गाऊन घ्या. काटा सर्वसाधारण उणे बाराच्या आसपास राहावा, चढ्या ओळीला उणे सहाच्या पुढे जाऊ नये. शून्याला टेकून लाल झाला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर २००० पासून उपलब्ध आहे. साध्या संगणकावर चालते आणि आपल्या कामाला पुरते. मोबाईलवरच रेकॉर्ड करायचे असेल तर तो हातात न धरता टेकवून ठेवा, आणि आवाज आपोआप वर-खाली करणारी सोय बंद करता येईल असे ॲप वापरा. नाहीतर शाहिराची ललकारी आणि हळुवार ओळ एकाच उंचीची होऊन बसतात.

रेकॉर्ड केलेले मूळ रूप वेव्ह या प्रकारात जपावे. ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट अशा एका माईकच्या मुद्रणाला मिनिटाला सुमारे आठ एमबी जागा लागते, म्हणजे पाच मिनिटांच्या गाण्याला चाळीस. एमपीथ्री केले तर मिनिटाला एक एमबीत भागते. पण ते वाटण्यासाठी, जपण्यासाठी नव्हे. व्हॉट्सॲपवर पाठवले म्हणजे जपले, हा भ्रम सोडावा. मूळ प्रत किमान दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या घरांत असावी.

नाव सांगा, हक्क सांगा

गौहर जान आपल्या गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने सांगत असत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तेथल्या कारागिरांना गाणे कोणाचे ते कळावे, हा त्यामागचा व्यवहार. आपण हीच रीत उचलावी. प्रत्येक मुद्रणाच्या शेवटी कवीचे नाव, गाणाऱ्याचे नाव, ढोलकी व पेटी वाजविणाऱ्यांची नावे, गाव आणि तारीख बोलून ठेवावी. ज्यांची नावे वहीत, सातबाऱ्यावर, इतिहासात शतकानुशतके आली नाहीत, त्यांनी निदान स्वतःच्या गाण्यावरून तरी ती पुसू देऊ नयेत.

कायदाही जाणून घ्यावा. ध्वनिमुद्रणासाठी जो पुढाकार घेतो आणि जबाबदारी उचलतो, त्याला कायदा निर्माता मानतो आणि त्या मुद्रणाचा पहिला हक्क सर्वसाधारणपणे त्याचा असतो. प्रसिद्धीनंतर ६० वर्षे तो टिकतो. म्हणजे गोधडीच्या आड तुम्ही स्वतः रेकॉर्ड केले, तर निर्माते तुम्ही. कंपनीने केले, तर कंपनी. सारा फरक येथे आहे. गाणाऱ्याचा व वाजविणाऱ्याचा स्वतंत्र हक्क ५० वर्षांचा आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीवर कलावंताचा अधिकार मान्य केला. त्याच दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा असा बांधला की, तो कंपनीच्या नावे लिहून देता येत नाही. म्हणून कोणी कागद पुढे केला तर वाचल्याशिवाय सही करू नका.

हक्क आपला तसा दुसऱ्याचाही. कवीच्या शब्दांवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. वामनदादांच्या गीतांवर तो २०६४ च्या अखेरीपर्यंत आहे, अण्णाभाऊ साठे यांच्या रचनांवर २०२९ च्या अखेरीपर्यंत. त्यांची गीते रेकॉर्ड करून प्रसिद्ध करायची तर वारसांची किंवा ज्यांच्याकडे हक्क असेल त्यांची परवानगी घ्यावी. १९४५ मध्ये निधन पावलेल्या पट्ठे बापूरावांच्या रचना मात्र २००५ नंतर सर्वांसाठी मोकळ्या झाल्या आहेत. महापुरुषांच्या नावाने गाताना त्यांच्या कवींना विसरणे आपल्याला शोभत नाही.

माईकला चेहरा दिसत नाही

आता आम्ही एका नाजूक मुद्द्याकडे येतो. मोडनिंबविषयी लिहायचे आणि कलाकेंद्रातल्या स्त्रियांविषयी मौन पाळायचे, हे आम्हाला जमणार नाही. पट्ठे बापूरावांनी देऊ केलेली देणगी बाबासाहेबांनी नाकारली, अशी हकीकत चळवळीत सांगितली जाते. आपल्या लेकीबाळींना फडावर नाचवून मिळालेला पैसा नको, हा त्यामागचा स्वाभिमान होता. तो योग्यच होता. पण त्यातून आपल्यापैकी काहींनी भलताच अर्थ काढला आणि त्या बाईकडेच पाठ फिरवली. याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातून आलेल्या डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' या १९९४ मधील आत्मकथनात या स्त्रियांच्या वाट्याचे दुःख जगापुढे ठेवले. त्या दुःखाला जबाबदार त्यांचा गळा नव्हता. जबाबदार होती ती व्यवस्था, जिने त्या गळ्याची किंमत देहावर लावली.

आज बैठकीत बसलेला प्रेक्षक मोबाईल वर करतो, न विचारता चित्रण करतो आणि ते जगभर पाठवतो. कलावंताच्या संमतीशिवाय खासगी वापराच्या पलीकडे असे करणे कायद्याला मान्य नाही, माणुसकीला तर नाहीच. आमचे म्हणणे असे की, घरातला माईक या बाईला एक वेगळी वाट देतो. माईकला चेहरा दिसत नाही, पदर दिसत नाही, वय दिसत नाही. साठी ओलांडलेली, फडाने नाकारलेली गायिका तिच्या खोलीत बसून, तिच्या वेळेला, तिच्या अटीवर गाऊ शकते. अदाकारी त्यात दिसणार नाही, हे खरे. पण बैठकीच्या लावणीत जे काही अदेतून सांगितले जाते, त्यातले पुष्कळसे सुरातूनही सांगता येते. या गायिकांना किती चाली, किती जुन्या रचना पाठ असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही. त्या गेल्या की त्यांच्याबरोबर हे सारे जाईल. मात्र ते टिपायला जाणाऱ्याने आधी विचारावे, पैसे ठरवावे, आणि मूळ मुद्रणाची प्रत तिच्या हातात ठेवूनच उठावे. नाहीतर कंपनीत आणि आपल्यात फरक काय राहिला?

एका रात्रीचा हिशेब

आमच्या सूचनेला फार मोठा निधी लागत नाही. एक डायनॅमिक माईक, एक साउंड कार्ड, केबल, स्टँड आणि हेडफोन यांची बेरीज साध्या प्रतीच्या वस्तू घेतल्या तर मिरवणुकीच्या डीजेच्या एका रात्रीच्या भाड्याहून कमी पडते. जयंती दणक्यात करू नका, असे आम्ही म्हणत नाही. शतकानुशतके तोंड दाबलेल्या समाजाने एक दिवस आभाळ दणाणून सोडले तर त्यात वावगे काय? पण भिंती हादरवणाऱ्या त्या भोंग्यातून वाजते ते बहुतेक दुसरीकडे तयार झालेले गाणे. आपल्याच वस्तीतला शाहीर गर्दीत उभा राहून ते ऐकतो, आणि त्याचा स्वतःचा आवाज कोठेच जमा नसतो. ही विसंगती जयंती मंडळांना बोचली पाहिजे.

प्रत्येक विहारात एक खोली, निदान एक कोपरा, गोधड्या लावून तयार करता येईल. वस्तीतल्या दोन मुली आणि दोन मुले हे तंत्र महिन्याभरात शिकू शकतात. पुढे लग्नसमारंभाचे, शाळांचे, भजनी मंडळांचे काम घेऊन ती चार पैसेही मिळवतील. सुरुवात तरुण, तयार गळ्यापासून करू नये. त्याला अजून वेळ आहे. सुरुवात वस्तीतल्या सर्वात म्हाताऱ्या गळ्यापासून करावी. जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गाणारी आजी असेल, जलशात झील धरलेले आजोबा असतील. त्यांचा सूर कापेल, मध्येच खोकला येईल, शब्द अडेल. ते काही कापून टाकू नये.

बाबासाहेबांनी आयुष्यभर शेकडो भाषणे केली. त्यांचे शब्द ग्रंथांच्या खंडांतून आपल्याला मिळतात. परंतु १९५५ ची बीबीसीची मुलाखत किंवा अशी मोजकी मुद्रणे सोडली तर त्यांचा प्रत्यक्ष आवाज ऐकायला आपण आसुसलेलेच राहतो. त्या काळी साधन आपल्या हाती नव्हते, हे कारण देता येते. आज ते कारण उरलेले नाही. यंदाच्या वर्गणीच्या पावतीवर मंडप आणि डीजेच्या खाली माईकसाठी एक ओळ वाढवा, आणि जयंतीच्या आत वस्तीतल्या निदान एका म्हाताऱ्या माणसापुढे तो नेऊन ठेवा.